ब्लोअरचं अडकलेलं बेअरिंग: हातोडा उचलायच्या आधी

द्राक्षबाग दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारास, रात्रभर पाऊस, सकाळी डावणी या बुरशीरोगावरचा फवारा चुकवून चालणार नाही, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरचा, म्हणजे पंख्याने औषधाचं धुकं उडवणाऱ्या फवारणी यंत्राचा, फॅन किर्रर करायला लागतो. दोन ओळी होतात, जळक्या ग्रीसचा वास येतो, मग फॅन हाताने फिरवला तरी फिरत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्याला हे चित्र नवीन नाही. खरड छाटणीनंतर निवांत वेळ असतो तेव्हा बेअरिंग गुमान चालतं. ऑक्टोबर छाटणीनंतर महिन्याभरात, जिथे एक दिवस गेला तरी घड जातात, तिथे ते अडकतं.

नवं बेअरिंग बसवायला अर्धा तास पुरतो. दिवस खातं ते जुनं काढणं. दोन वर्षांपूर्वी मी ते घणाने काढायला गेलो आणि शाफ्टचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरवून ठेवलं. नंतर बेअरिंग निघालं, पण त्या पसरलेल्या टोकावरून बाहेरच येईना. शेवटी शाफ्टच नवा करावा लागला. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: जोर लावायच्या आधी त्याला नेमकं काय धरून आहे ते शोधायचं. धरणाऱ्या गोष्टी चारच असतात. गंज, घट्ट बसवणूक, शाफ्टवर उठलेली बर (धातूची वर आलेली कड), किंवा काढायची राहिलेली सर्किप (बेअरिंगला जागेवर रोखणारी स्प्रिंगची कडी). चौघांवरचा इलाज वेगळा.

आपल्याकडे हे इतकं का गंजतं

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना आपण लोखंडी विळा किंवा खिळा द्रावणात बुडवून बघतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून टाका. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून द्रावणात जातं. विळ्यावर जे दोन मिनिटांत दिसतं, तेच ब्लोअरच्या शाफ्टवर हंगामभर हळूहळू चालू असतं. फॅन स्वतःच्याच फवाऱ्याचं धुकं मागून ओढतो. ते ऑइल सीलच्या (ग्रीस आत आणि घाण बाहेर ठेवणाऱ्या रबरी रिंगच्या) कडेला बसतं, सील जरा कडक झालं की आत शिरतं. त्यात गंधकाची भुकटी, वर धूळ. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून बेअरिंगची आतली रेस (कडी) आणि शाफ्ट यांच्यामधल्या फटीत तो तयार झाला की पाचरीसारखा आवळत जातो.

  

आधी धुणं, मग पाना

ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओचा (ट्रॅक्टरमागून यंत्राला ताकद देणाऱ्या फिरत्या टोकाचा) जोडशाफ्ट ट्रॅक्टरच्या बाजूने काढून बाजूला ठेवलेला. चाकांना दगड. एवढं झाल्याशिवाय फॅनच्या जाळीत हात घालायचा नाही. ‘मी फक्त बघतोय’ म्हणतानाच बोटं जातात.

मग टाकी रिकामी करून ब्लोअर धुवायचा, आणि नीट धुवायचा. विहिरीजवळ किंवा ओढ्याच्या उताराला नाही, बांधाला, जिथे पाणी जिरून जाईल अशा जागी. हे टापटिपीसाठी सांगत नाही. पुढे कदाचित याच भागावर गॅसची ज्योत लावावी लागेल. त्यावर चिकटलेलं गंधक जळलं की जो वायू सुटतो तो छातीत बसतो, आणि कीटकनाशकाचा थर जळला की काय सुटेल ते डबीवरही लिहिलेलं नसतं. हातमोजे रबरी घालायचे. कापडी मोजा औषध शोषतो आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतो.

खोलताना दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. फॅन काढण्याआधी फॅनच्या हबवर आणि शाफ्टवर समोरासमोर सेंटर पंचाचा एकेक ठिपका मारा. फॅन ज्या जागी होता त्याच जागी परत बसला पाहिजे. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे गिअरबॉक्समधून फॅनपर्यंत जाताना तीन-चार पट होतात. तेवढ्या गतीला थोडं असंतुलनही नवं बेअरिंग एका हंगामात खातं. पाती सुटी होणारी असतील तर त्यांचा कोनही खुणेने धरून ठेवा.

कोणतं बेअरिंग आहे ते ओळखा

ब्लोअरमध्ये साधारण दोन जातीची बेअरिंगं सापडतात. टाकीखालून जाणारा लांब शाफ्ट बहुतेक वेळा पेडस्टलवर असतो, म्हणजे बिडाचा ठोकळा, आत गोलसर पाठीचं बेअरिंग, त्याच्या लांब आतल्या रेसमध्ये दोन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले, भोकात बुडणारे). यावर यूसीपी २०६ किंवा २०७ असं कोरलेलं असतं. दुसरी जात म्हणजे फॅनच्या हाउसिंगमधली (शाफ्टला धरणाऱ्या बिडाच्या घरातली) साधी बॉल बेअरिंगं, ६२०६, ६२०७, ६२०८ अशी. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की शाफ्टचा व्यास मिळतो: ०७ म्हणजे ३५ मिलिमीटर. ६२०७ चा बाहेरचा व्यास ७२ आणि रुंदी १७. नंबर गंजून गेला असेल तर व्हर्नियरने एवढी तीन मापं घेतली तरी दुकानदार बेअरिंग देतो.

ही जात ओळखण्यातच निम्मं काम आहे. पेडस्टलचं बेअरिंग शाफ्टवर मुळात सरकतं बसतं, त्याला धरून ठेवतात ते ग्रब स्क्रू. ते अडकलं असेल तर गुन्हेगार गंज किंवा बर. हाउसिंगमधलं बेअरिंग मात्र शाफ्टपेक्षा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान भोकाचं असतं आणि ठोकून किंवा तापवून चढवलेलं असतं. तिथे तेल ओतून नुसती वाट बघण्यात फार अर्थ नाही, ओढणारं साधनच, म्हणजे पुलर लागतो.

पेडस्टल: दिसतं त्याहून सोपं

दोन्ही ग्रब स्क्रू पूर्ण काढा. सैल करून थांबू नका, बाहेर काढून डबीत टाका. षटकोनी खाच औषधाच्या थराने भरलेली असते. ती खिळ्याच्या टोकाने कोरून साफ केल्याशिवाय ॲलन की घालू नका, नाहीतर खाच गोल होते आणि नवं काम वाढतं. स्क्रू निघाला की त्या भोकात गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेल चालतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मारलं, जेवणानंतर पुन्हा मारलं, सकाळी काम. मध्ये मध्ये लाकडी हातोडीने रेसवर चहूबाजूंनी टकटक करत राहायचं. त्या हादऱ्याने तेल फटीत उतरतं.

शाफ्टचा जो भाग बेअरिंगला ओलांडून जायचा आहे तो एमरी पेपरने चकाकेपर्यंत घासा. निम्मी पेडस्टल बेअरिंगं इथेच अडकतात: जागेवरून सुटलेली असतात, पण पुढच्या गंजाच्या पट्ट्यावरून सरकत नाहीत, आणि आपण समजतो अजून सुटलंच नाही. ग्रब स्क्रूच्या टोकाने शाफ्टवर खड्डा पडून कडेला बर उठलेली असते, तीही बघा. रेस थोडी सरकवता आली तर ती बर बारीक कानशीने उतरवून घ्या. बरीवरून रेस ओढत नेली तर शाफ्टवर लांब ओरखडा पडतो.

ठोकळ्यातून बेअरिंग काढताना हातोडा लागतच नाही. आत खोबणी असते. बेअरिंग शाफ्टवरून निघालं की त्याच्या भोकात पाइपचा तुकडा घाला आणि पूर्ण आडवं, म्हणजे ९० अंशात फिरवा. ते खोबणीतून अलगद बाहेर येतं. हे माहीत नसल्याने चांगले ठोकळे फोडलेले मी पाहिले आहेत.

हाउसिंगमधलं बेअरिंग: पुलर कुठे धरायचा

आता खरं दुखणं. माझ्या मशीनमध्ये फॅनचा शाफ्ट बिडाच्या हाउसिंगमध्ये दोन ६२०७ वर फिरतो. आधी निघतो फॅन, मग ‘की’ (फॅन शाफ्टवर फिरू न देणारी छोटी पट्टी), मग ऑइल सील, मग सर्किप. सर्किप गंजाच्या आणि ग्रीसच्या थराखाली लपलेली असते. वायर ब्रशने खोबणी साफ करून, टॉर्च मारून, नखाने चाचपून खात्री करा. सर्किप आत ठेवून ठोकत बसलेला मी एकटाच नाही. एका मिस्त्रीने तर प्रेसवर हाउसिंगचा कानच उडवला होता.

शाफ्ट हाउसिंगमधून बाहेर काढायला टोकावर ठोकावं लागेल. त्याआधी शाफ्टच्या टोकाच्या आट्यांवर जुना नट उलटा चढवून टोकाशी समपातळीत आणा आणि मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरा. पितळ नसेल तर बाभळीचा ठोकळा. माझा पसरलेला शाफ्ट या एका नटाने वाचला असता.

शाफ्टबरोबर अख्खं बेअरिंग बाहेर आलं तर नशीब. मग पुलर. तो धरायचा आतल्या रेसला. बाहेरच्या रेसला धरून ओढलं की सगळा ताण गोळ्यांवरून जातो, गोळ्यांना धरणारी जाळी फाटते, गोळ्या शेडभर होतात आणि आतली रेस शाफ्टवर तशीच बसून हसत राहते. बेअरिंगच्या मागे पुलरचे पाय जायला जागा नसेल तर दोन अर्ध्या चकत्यांचा सेपरेटर मिळतो. त्याची पातळ धार मागच्या फटीत शिरते. भाड्याने किंवा ओळखीने मिळाला तर घ्याच. नाहीतर वेल्डरकडून १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला शाफ्टच्या मापाची यू आकाराची खाच पाडून घ्या. ती बेअरिंगमागे सरकवायची, तिला दोन लांब बोल्ट, पुढे चॅनलचा तुकडा, मध्ये दाबाचा बोल्ट. असा पुलर माझ्या शेडमध्ये आजही लटकतो आहे आणि गावभर फिरून येतो.

पुलरच्या स्क्रूला ग्रीस लावा. त्याचं टोक शाफ्टच्या मध्यातल्या खड्ड्यात नेमकं बसलेलं हवं. तीन पायांचा असेल तर तिन्ही सारखे, आणि पाय बाहेर फाकू नयेत म्हणून साखळीने किंवा क्लॅम्पने बांधलेले. ताण दिल्यावर पाना जड झाला की आणखी पाइप लावून लोंबकळायचं नाही. थांबा, स्क्रूच्या डोक्यावर हातोड्याचा एक सरळ, कोरडा घाव घाला, मग पाना पुन्हा थोडा फिरवा. ताण, घाव, ताण. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या घावाला ‘टक्’ असा आवाज होतो आणि बेअरिंग केसभर सरकतं. तो आवाज ऐकला की चहा मागवायला हरकत नाही. पुलरवर मात्र गोणपाट टाकलेलं असू द्या आणि स्क्रूच्या रेषेत उभे राहू नका. पाय सुटला तर गोळीसारखा येतो.

उष्णतेचा हिशेब

पुलरला दाद देत नसेल तर गॅस. लोखंडाचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतो. ३५ मिलिमीटरची रेस ८० अंशांनी तापवली तर भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंग शाफ्टवर धरलेलं असतं तेही फार तर तेवढ्याच फरकाने. अट एकच: रेस तापली पाहिजे, शाफ्ट नाही. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही सारखे फुगणार, हाती काही नाही. म्हणून शाफ्टवर रेसच्या दोन्ही बाजूंना ओल्या फडक्याच्या चिंध्या गुंडाळा, पुलर आधीच ताणून ठेवा, आणि ज्योत रेसवर भराभर गोल फिरवा. सावकाश तापवलं की उष्णता शाफ्टमध्ये उतरते. रेस निळी पडायला लागली तर तीनशे अंशांच्या आसपास गेली, आता पुरे.

जुन्या बेअरिंगवर ही मुभा आहे, ते भंगारातच जाणार. ज्योतीच्या आधी ऑइल सील, रबर, ग्रीस सगळं काढून घ्या. स्प्रे किंवा डिझेल नुकतंच मारलं असेल तर पुसून, वाळवून मगच ज्योत. पाण्याची बादली जवळ ठेवा, पण तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका. बीड तडकतं.

फक्त आतली रेस उरली तर

माझ्याकडे तीनदा हेच झालं. बाहेरची रेस, जाळी, गोळ्या गेल्या आणि शाफ्टवर नुसती एक गुळगुळीत बांगडी. पुलरला धरायला कड नाही. आता ग्राइंडर.

बेअरिंगची रेस कडक पोलादाची असते, टर्नर लोक त्याला ईएन ३१ म्हणतात. कडक म्हणजे ठिसूळही, आणि इथे ते आपल्या सोयीचं. पातळ कटिंग चकतीने रेसवर आडवा, शाफ्टच्या लांबीला थोडा तिरका काप घ्यायचा, पण आरपार नाही. मध्ये जाडी सर्वांत कमी असते, तिथे आधी पोचाल. खाली नखाएवढी जाडी राहील तिथे थांबा. दर दोन-तीन सेकंदांनी चकती उचलून बघत राहा. काप शाफ्टला लागला तर ती जागा बेअरिंगची असते हे विसरू नका. मग कापात छन्नी धरून एकच जोराचा घाव. रेस बांगडीसारखी तडकते, आणि तडकली की हाताने सरकते.

डोळ्यांवर गॉगल, साधा चष्मा नाही. कडक रेसवर थेट हातोडा मारला की कपची उडते आणि ती बंदुकीच्या छर्ऱ्यासारखी असते. छन्नी आणि गॉगल या दोन गोष्टींवर तडजोड नाही.

बाहेरची रेस हाउसिंगमध्ये रुतली तर

हाउसिंग आरपार असेल तर मागून पितळी सळईने, समोरासमोरच्या जागा बदलत बदलत ठोका. एकाच बाजूला ठोकलं तर रेस तिरकी होऊन जास्त घट्ट बसते. मागून जागाच नसेल, तर वेल्डरची जुनी युक्ती आहे आणि ती मला आजही जादूसारखी वाटते. रेसच्या आतल्या बाजूने, जिथे गोळ्या फिरत होत्या त्या खोबणीत, वेल्डिंगचा एक गोल टाका मारायचा. टाका थंड होताना आकसतो आणि आपल्याबरोबर रेसला आत ओढतो. पाच-दहा मिनिटं थांबा, हाउसिंग उलटं करून लाकडावर आपटा, रेस खणकन पडते. अर्थिंगचा चिमटा त्याच हाउसिंगला लावा, दूर चासीला नको. नाहीतर वेल्डिंगचा करंट वाटेतल्या दुसऱ्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो. पुढच्या महिन्यात तेही किर्रर करायला लागतं आणि दोष नव्या बेअरिंगला जातो.

कुठे थांबायचं

पुलर, गॅस, ग्राइंडर एवढं करून सुटलं नाही, किंवा शाफ्ट वाकल्याचा संशय आला, तर हट्ट सोडा. नाशिकला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेस आणि लेथ असलेली वर्कशॉपं आहेत, पिंपळगाव बसवंतकडेही टर्नर सापडतात. प्रेसवर पाच मिनिटांत होतं ते शेडमध्ये पाच तासांत होत नाही. फक्त भाग धुऊन न्या. कोणालाही औषधाने माखलेला हाउसिंग हातात द्यायचा नसतो.

नवं बसवताना

आधी शाफ्टची जागा तपासा. नवं बेअरिंग हाताने सहज सरकलं आणि शाफ्टवर जुनी आतली रेस फिरल्याच्या चकाकत्या रेघा दिसल्या, तर शाफ्ट झिजला आहे. अशा वेळी सेंटर पंचाने ठिपके मारून जागा ‘फुगवायची’ पद्धत गावोगाव आहे. करू नका. त्या ठिपक्यांची टोकं दोन फवाऱ्यांत दबतात आणि बेअरिंग पुन्हा सैल. थोडी झीज असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फटीत घट्ट होऊन धरणारा चिकट द्रव) चालतं, जास्त असेल तर शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर माप करून घ्या.

दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं बेअरिंग घ्या, नंबरामागे २आरएस लिहिलेलं. ब्लोअरच्या ओलाव्यात पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड टिकत नाही. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालं आणि कोरलेला नंबर नखाने खरवडला जात असेल तर परत करा.

सीलवालं बेअरिंग बसवताना ८० अंशांच्या पुढे तापवू नका, आतलं ग्रीस आणि रबर दोन्ही खराब होतात. जुन्या पिवळ्या बल्बवर ठेवून कोमट-गरम केलं तरी पुरतं. ठोकायचं ते आतल्या रेसवर, शाफ्टपेक्षा जेमतेम मोठ्या भोकाच्या पाइपने. ऑइल सील लावताना ओठ बाहेरच्या घाणीकडे. पेडस्टलच्या निपलमधून ग्रीस भरताना सीलमधून पांढऱ्या कडेसारखं बाहेर यायला लागलं की बस्स. जास्त भरलं तर घुसळून तापतं.

फॅन खुणांवर खूण ठेवून बसवा, हाताने फिरवा, मग पीटीओ हळू गतीवर दहा मिनिटं. मशीन बंद करा, जोडशाफ्ट काढा आणि हाउसिंगवर तळहात ठेवा. हात टिकत नसेल तर काहीतरी तिरकं बसलं आहे, किंवा ग्रीस जास्त झालं आहे. हात टिकला तर टाकी भरा. डावणी थांबत नाही.